दुधाळ वाहिन्या आणि चेतातंतू : आतड्याच्या भिंतीतील दोन शेजारी

पचनसंस्थेचा पाठ शिकवताना फळ्यावर एक आकृती हमखास काढली जाते. लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावरचा एक रसांकुर, म्हणजेच पाठ्यपुस्तकातला व्हिलस, बोटासारखा उभा काढायचा. त्याच्या कडेने रक्तकेशिकांचे जाळे लाल-निळ्या खडूने दाखवायचे आणि मधोमध पिवळ्या खडूने वरून बंद असलेली एक नळी काढायची. ही नळी म्हणजे पयस्विनी. खाली लिहायचे, ‘ग्लुकोज व अमिनो आम्ले रक्तात, स्निग्ध पदार्थ पयस्विनीत.’ विद्यार्थी आकृती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर काढतात आणि त्यांना पूर्ण गुणही मिळतात.

एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतो, ‘सर, रक्त पुढे ढकलायला हृदय आहे. मग या नळीतले तेल पुढे कोण ढकलते?’ प्रश्न साधा आहे, पण रास्त आहे. ‘ते आपोआप शोषले जाते’ असे उत्तर देऊन आपण पुढे जातो. टीपकागद शाई शोषतो किंवा दिव्याची वात तेल वर खेचते, तसेच काहीसे चित्र विद्यार्थ्यांच्या मनात तयार होते. हे चित्र अपुरे आहे. आतड्यातील स्निग्ध पदार्थांचा पुढचा प्रवास ही एक चालती, ढकलती, वेग कमीजास्त करणारी क्रिया आहे. तिच्यामागे फळ्यावरच्या आकृतीत कधीच न दाखवलेला एक घटक आहे, तो म्हणजे चेतातंतू. या दोन शेजाऱ्यांची ओळख करून घेण्यासाठी आधी चारशे वर्षे मागे जाऊ या.

पांढरे धागे कसले?

२३ जुलै १६२२ या दिवशी इटलीतील मिलान शहरात गास्पारे असेल्ली हा शल्यवैद्य काही मित्रांना एका जिवंत कुत्र्याच्या विच्छेदनात चेतातंतू दाखवत होता. छातीत शिरून पुन्हा वर वळणारे आणि स्वरयंत्रापर्यंत जाणारे चेतातंतू मित्रांना पाहायचे होते. (भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती आणि असे प्रयोग सर्रास चालत. आज ते कोणीही करणार नाही.) ते दाखवून झाल्यावर श्वासपटलाची हालचाल पाहावी म्हणून त्याने कुत्र्याचे पोट उघडले आणि आतडी बाजूला सारली. तेव्हा आतड्यांवर आणि आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावर त्याला पांढऱ्या बारीक धाग्यांचे जाळे दिसले. या पडद्याला आंत्रबंध म्हणतात.

असेल्लीला प्रथम वाटले की हे चेतातंतूच आहेत. रंग पांढरट, आकार धाग्यासारखा आणि डोक्यातही त्या वेळी चेतातंतूच. पण नीट पाहता त्या भागातले चेतातंतू त्याला वेगळे दिसले. ते या धाग्यांना न मिळता स्वतंत्रपणे जात होते. मग त्याने एक जाडसर धागा टोचला. त्यातून दुधासारखा पांढरा द्रव बाहेर आला. तंतू भरीव असतो, हा तर पोकळ होता!

दुसऱ्या दिवशी त्याने दुसरा कुत्रा उघडला, तर काहीच दिसले नाही. असेल्ली विचारात पडला. पहिल्या कुत्र्याचे पोट भरलेले होते, दुसरा उपाशी होता, हा फरक त्याच्या ध्यानात आला. नंतर पोटभर खाऊ घातलेल्या प्राण्यांत ते धागे पुन्हा दिसू लागले. निरीक्षण, शंका आणि तिची पारख या तीन पायऱ्यांचे इतके सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळते. वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी. असेल्लीचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६२७ साली प्रसिद्ध झाले. त्यात या वाहिन्यांची रंगीत चित्रे आहेत. शरीररचनेच्या छापील पुस्तकांत रंगीत चित्रे वापरण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता.

या वाहिन्या यकृताकडे जातात असे असेल्लीला वाटले, आणि ते चूक होते. १६५१ मध्ये फ्रान्सच्या झाँ पेके याने त्यांचा खरा मार्ग प्रसिद्ध केला. आतड्यांकडून येणारा दुधाळ द्रव पोटाच्या मागच्या बाजूला एका पिशवीवजा भागात जमतो. तेथून पाठीच्या कण्यालगत वर जाणाऱ्या वक्षीय लसिकावाहिनीतून तो मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळच्या मोठ्या नीलेत रक्ताला मिळतो. यकृताला वळसा घालून जाणारा हा आडमार्ग आहे.

तेलाला वेगळी वाट का?

आहारातील तेला-तुपाचे पित्तामुळे बारीक थेंब होतात आणि स्वादुपिंडाच्या रसातील विकर त्यांचे मेदाम्लांत विघटन करते. ही मेदाम्ले रसांकुराच्या आवरणातील पेशींमध्ये शिरतात. तेथे त्यांच्यापासून पुन्हा स्निग्ध रेणू तयार होतात, त्यांच्यावर प्रथिनांचे वेष्टन चढते आणि लहान लहान गोळ्या बनतात. या गोळ्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या काही पट असतो. आपल्या दृष्टीने ही धूळसुद्धा नव्हे, पण रक्तकेशिकेच्या भिंतीतील छिद्रांच्या मानाने हा ऐवज मोठा आहे. त्यामुळे रक्तकेशिकेत त्याला प्रवेश मिळत नाही.

पयस्विनीची भिंत वेगळी आहे. ती एकाच पेशीच्या जाडीची असते आणि तिच्या बाहेर रक्तकेशिकेसारखे सलग अस्तर नसते. शेजारच्या पेशींच्या कडा काही ठिकाणी एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या असतात. सदऱ्याच्या दोन गुंड्यांमधली फट जशी उघडते तशा या कडा उघडतात. बाहेर द्रवाचा दाब वाढला की फट उघडते आणि कायलोमायक्रॉन आत शिरतात. आत दाब वाढला की त्याच कडा मिटतात. म्हणून जेवणानंतर काही तासांनी ही वाहिनी दुधाळ दिसते आणि उपाशीपोटी तिच्यातील लसिका जवळजवळ पारदर्शक असते. असेल्लीच्या दुसऱ्या कुत्र्याचे कोडे येथे सुटते. अ, ड, ई आणि के ही स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वेही याच वाटेने जातात.

लहान रेणूंच्या मेदाम्लांना मात्र या आडवाटेची गरज पडत नाही. ती सरळ रक्तात मिसळून यकृताकडे जातात. ही गोष्ट पुढे उपचारांच्या संदर्भात उपयोगी पडेल.

निरोगी माणसात खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग शोषला जातो. हा सगळा माल एका मंद प्रवाहातून न्यायचा असतो. हृदय दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकते. वक्षीय लसिकावाहिनीतून मात्र अख्ख्या दिवसात दोन-तीन लिटर लसिका जाते. शिवाय बराचसा प्रवास चढणीचा, पोटाकडून मानेकडे. म्हणूनच ‘ढकलते कोण?’ हा विद्यार्थ्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भिंतीतले दुसरे जाळे

आता चेतातंतूंकडे वळू. आतड्याची भिंत आतून बाहेर अशी पाहत गेलो तर चार थर लागतात. सर्वांत आत रसांकुर असलेला श्लेष्मस्तर, त्याखाली सैल ऊतींचा अधःश्लेष्मस्तर, मग स्नायूंचा थर आणि शेवटी बाहेरचे आवरण. स्नायूंच्या थराचे दोन पदर असतात. आतल्या पदरातील स्नायू आतड्याभोवती कड्यासारखे असतात, तर बाहेरच्या पदरातील स्नायू आतड्याच्या लांबीला धरून असतात.

१८५७ मध्ये गेओर्ग माइस्नर या जर्मन शास्त्रज्ञाने अधःश्लेष्मस्तरात चेतापेशींचे जाळे असल्याचे दाखवले. १८६२ मध्ये लेओपोल्ड आउअरबाख याने स्नायूंच्या दोन पदरांमध्ये आणखी एक जाळे शोधून काढले. पहिले जाळे मुख्यतः पाझर, शोषण आणि रक्तपुरवठा यांवर लक्ष ठेवते, तर दुसरे मुख्यतः आतड्याच्या हालचालींवर. दोन्ही मिळून माणसाच्या पचनमार्गात कोट्यवधी चेतापेशी आहेत. हा अंदाज १० ते ५० कोटींच्या दरम्यान सांगितला जातो.

या पेशी नुसत्या मेंदूचे हुकूम पोहोचवणाऱ्या हरकाऱ्या आहेत काय? विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये लंडनमध्ये याचे उत्तर दिले. आतड्याकडे बाहेरून येणारे चेतातंतू कापून टाकल्यानंतरही, आत घास सरकवला की घासाच्या मागचा भाग आकुंचन पावतो आणि पुढचा भाग सैल पडतो असे त्यांना दिसले. म्हणजे घास पुढे नेण्याचा हिशेब आतड्याच्या भिंतीतच होतो. या पुराव्यांच्या आधारे जॉन लँग्ली याने १९२१ मध्ये स्वायत्त चेतासंस्थेचे तीन भाग मानले. ते म्हणजे अनुकंपी, परानुकंपी आणि आंत्रीय. शाळेत आपण पहिली दोन नावे शिकवतो आणि तिसरे वगळतो. काही बालकांत मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या चेतापेशी जन्मतःच नसतात. तो भाग सैल पडू शकत नाही आणि मळ पुढे सरकत नाही. हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकारात शस्त्रक्रिया करून तो भाग काढावा लागतो. तिसऱ्या भागाचे महत्त्व यावरून पटावे.

आता दोन्ही जाळी एकावर एक ठेवून पाहा. रसांकुरात पयस्विनी आहे. तिच्या खाली, अधःश्लेष्मस्तरात, लसिकावाहिन्यांचे जाळे आहे आणि तेथेच माइस्नरचे चेताजाळेही आहे. स्नायूंच्या थरातून लसिकावाहिन्या बाहेर पडतात आणि तेथे आउअरबाखचे जाळे आहे. आंत्रबंधात शिरल्यावर लसिकावाहिन्या धमन्या व नीलांच्या सोबतीने जातात आणि धमन्यांच्या काठाने अनुकंपी चेतातंतू आतड्याकडे येत असतात. असेल्लीला एका नजरेत पांढरे धागे आणि चेतातंतू दोन्ही दिसले, यात नवल नाही. मात्र या शेजाऱ्यांचे एकमेकांशी काही देणेघेणे आहे का, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

तीन ठिकाणचे तीन पंप

लसिका पुढे ढकलण्याचे काम तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी होते, आणि तिन्ही ठिकाणी चेतातंतूंचा हात पोहोचतो.

पहिले ठिकाण रसांकुर. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रुबी आणि देलाफों यांनी जिवंत प्राण्यातील रसांकुर हलताना, आखूड होताना आणि पुन्हा लांब होताना पाहिले. १८५१ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ब्र्यूके याने रसांकुरात उभ्या दिशेने जाणारे अनैच्छिक स्नायू असल्याचे दाखवले. पयस्विनीच्या स्वतःच्या भिंतीत स्नायू नाहीत, पण तिला खेटून हे स्नायू उभे असतात. ते आकसले की रसांकुर आखूड होतो, पयस्विनी दाबली जाते आणि तिच्यातील लसिका खाली सरकते. ते सैल पडले की पयस्विनी पुन्हा भरते. गवळी दूध काढताना आचळ दाबतो आणि सोडतो, तसाच हा प्रकार.

ही क्रिया जिवंत प्राण्यात प्रत्यक्ष पाहणे अलीकडेच शक्य झाले. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी लसिकावाहिन्या हिरव्या प्रकाशाने चमकतील अशा उंदरांच्या आतड्याचे सूक्ष्मदर्शकाखाली चित्रीकरण केले आणि चमकणारी मेदाम्ले देऊन त्यांचा मार्ग पाहिला. पयस्विन्या ठरावीक लयीत आकुंचन पावत होत्या आणि प्रत्येक आकुंचनासरशी स्निग्ध पदार्थ खाली सरकत होते. हे आकुंचन शेजारच्या स्नायुपेशींमुळे होते आणि त्या स्नायुपेशी स्वायत्त चेतासंस्थेच्या नियंत्रणाखाली असतात, असेही त्यांनी दाखवले. चेतातंतूने पयस्विनीला प्रत्यक्ष चिकटून असण्याची गरज नाही. त्याच्या टोकातून बाहेर पडलेला रासायनिक निरोप जवळच्या स्नायुपेशीला पोहोचला की काम भागते.

दुसरे ठिकाण आतड्याची भिंत. अधःश्लेष्मस्तरातील आणि स्नायूंच्या थरातील लसिकावाहिन्या नाजूक असतात. आतड्याचे स्नायू आकसतात तेव्हा त्यांच्यामधल्या वाहिन्या पिळल्या जातात. अन्न पुढे नेणारी लाट लसिकाही पुढे नेते. या लाटेचा ताल आउअरबाखचे जाळे सांभाळते, हे आपण वर पाहिलेच. म्हणजे येथे चेतापेशींचे नियंत्रण अप्रत्यक्ष असले तरी महत्त्वाचे आहे.

तिसरे ठिकाण आंत्रबंध. येथील लसिकावाहिन्यांना स्वतःचे स्नायू असतात आणि थोड्या थोड्या अंतरावर झडपाही असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा एका छोट्या हृदयासारखा काम करतो. आर्नोल्ड हेलर याने १८६९ मध्ये गिनीपिगच्या आंत्रबंधातील लसिकावाहिन्या कोणीही न हलवता स्वतःच्या लयीत आकुंचन पावत असल्याचे नोंदवले. याला चेतातंतूंची चालना लागत नाही. वाहिनी भरून ताणली गेली की स्नायुपेशीच आकुंचन सुरू करतात.

मग चेतातंतू येथे काय करतात? १९८० मध्ये बेलफास्टमधील मॅकहेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईबैलांच्या आंत्रबंधातील लसिकावाहिन्यांचे तुकडे घेऊन प्रयोग केले. वाहिनीच्या भिंतीतील चेतातंतूंना विजेने चालना दिली की आकुंचनाचा वेग वाढे. अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांतून बाहेर पडणारे नॉरअॅड्रेनॅलिन हे द्रव्य हा परिणाम घडवते. पुढील संशोधनात दिसले की काही चेतातंतूंतून बाहेर पडणारी इतर द्रव्ये याच्या उलट, आकुंचनाचा वेग कमीही करतात. म्हणजे वेग वाढवणारे आणि कमी करणारे असे दोन्ही निरोप या वाहिन्यांपर्यंत पोहोचतात.

विद्यार्थ्यांना हे समजावायला हृदयाचे उदाहरण उत्तम. हृदय शरीराबाहेर काढले तरी योग्य द्रावणात काही काळ धडधडते, कारण लय त्याच्या आतच आहे. चेतातंतू ती लय जलद किंवा मंद करतात. लसिकावाहिनीचेही तसेच आहे. चेतातंतू हे तिचे इंजिन नाही, पण हात वेगाच्या खटक्यावर आहे.

चेतातंतू एकटे नाहीत

येथे एक सावधगिरी हवी. नवी गोष्ट कळली की सगळे श्रेय तिलाच देण्याचा मोह होतो. ज्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्यातील चेतापेशींचे सामर्थ्य दाखवले, त्यांनीच १९०२ मध्ये सिक्रेटिन या संप्रेरकाचा शोध लावून, स्वादुपिंडाला निरोप देण्यासाठी चेतातंतूच लागतात असे नाही हेही दाखवले. पयस्विनीचेही असेच आहे. ती टिकून राहण्यासाठी आजूबाजूच्या पेशींतून पाझरणारी वाढीची प्रथिने लागतात. २०१८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांत अशा प्रथिनांचा तोल बदलला. तेव्हा पयस्विनीच्या पेशींमधल्या गुंड्यांसारख्या जोडांच्या जागी चेनसारखे घट्ट बंद जोड तयार झाले. कायलोमायक्रॉन आत शिरेनात आणि भरपूर स्निग्ध आहार देऊनही ते उंदीर लठ्ठ झाले नाहीत. येथे दरवाजाच बंद झाला होता. पंपाचा प्रश्नच आला नाही.

शोषणाच्या त्याआधीच्या पायरीवरही चेतासंस्थेचा प्रभाव असतो. चीनमधील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये दाखवले की मेंदूच्या तळाशी असलेल्या व्हेगस चेतेच्या केंद्रातील काही पेशींचे काम थांबवले की उंदरांच्या आतड्यातील स्निग्ध पदार्थांचे शोषण घटते. आवरणातील पेशींवरचे अतिसूक्ष्म केस, म्हणजे सूक्ष्मांकुर, अशा वेळी आखूड झालेले आढळले. तात्पर्य, पेशीत मेदाम्ले शिरण्यापासून ते लसिका मानेपर्यंत चढण्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर देखरेख आहे. ती काही ठिकाणी चेतातंतूंची, काही ठिकाणी संप्रेरकांची, तर काही ठिकाणी निव्वळ दाबाची आणि ताणाची आहे.

बिघाड होतो तेव्हा

ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. क्रोन्सचा आजार हे पहिले उदाहरण. यात आतड्याच्या भिंतीला दीर्घकाळ दाह होतो. हा दाह आतल्या अस्तरापुरता न राहता भिंतीच्या सर्व थरांत पसरतो. भिंतीत सूज असते आणि लसिकावाहिन्या फुगलेल्या आढळतात. आतड्याला दाह असलेल्या गिनीपिगवर कॅनडातील कॅल्गरी येथे झालेल्या प्रयोगांत आंत्रबंधातील लसिकावाहिन्यांची आकुंचने मंदावलेली दिसली. दाहाच्या वेळी तयार होणारी द्रव्ये वाहिनीच्या स्नायूंना सैल पाडतात. निचरा मंदावला की सूज वाढते आणि सुजेबरोबर दाह रेंगाळतो, असे दुष्टचक्र बनते. चेतातंतूही त्याच सुजलेल्या भिंतीत असल्याने त्यांच्याभोवतीही दाह आढळतो. अशा रुग्णाच्या दुखण्यात आणि बिघडलेल्या हालचालीत त्यांचाही वाटा असतो. म्हणून या आजाराचा अभ्यास करणारे लोक आता तिन्ही गोष्टींकडे, म्हणजे दाह, लसिका आणि चेतापेशी यांच्याकडे, एकत्र पाहू लागले आहेत.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या ओळखीचे आहे. विदर्भातील नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत हत्तीरोगाचे रुग्ण अनेक वर्षे आढळत आले आहेत. क्युलेक्स डासांमार्फत शरीरात येणारे या रोगाचे कृमी लसिकावाहिन्यांत राहतात. त्यामुळे वाहिन्या फुगतात आणि झडपा निकामी होतात. पायाला येणारी सूज सर्वांना माहीत असते. पण काही रुग्णांत पोटातील लसिकावाहिन्यांची वाट अडते. आतड्याकडून निघालेली दुधाळ लसिका उलट फिरून मूत्रमार्गात झिरपते आणि लघवी दुधासारखी पांढरी होते. तेलकट जेवणानंतर हा पांढरेपणा वाढतो. येथे बिघाड चेतातंतूंचा नसून वाहिन्यांचा आणि झडपांचा आहे. पंप कितीही चालला तरी झडप नसेल तर द्रव पुढे जाणार नाही, हे यावरून लक्षात येते.

अशा रुग्णांना, तसेच छातीच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लसिकावाहिनीतून गळती लागलेल्या रुग्णांना, डॉक्टर नेहमीचे तेल-तूप कमी करायला सांगतात आणि लहान मेदाम्लांचे खास तेल देतात. हे तेल सहसा खोबरेल तेलापासून वेगळे काढलेले असते. लहान मेदाम्ले सरळ रक्तात जातात, हे आपण आधी पाहिले. नेहमीच्या वाटेवर माल कमी आला की गळतीही कमी होते. रसांकुराच्या त्या साध्या आकृतीतील एका ओळीचा हा थेट उपयोग आहे.

वर्गात काय करता येईल?

रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा जुना, वापरात नसलेला रबरी फुगा मिळवा. त्याला दोन एकमार्गी झडपा असतात. एक हवा आत घेते, दुसरी नळीकडे सोडते. नळीचे मोकळे टोक पेलाभर पाण्यात बुडवा आणि फुगा दाबा. बुडबुडे येतात. फुगा सोडला की तो मागच्या झडपेतून हवा घेऊन पुन्हा भरतो आणि पाणी नळीतून वर येत नाही. आंत्रबंधातील लसिकावाहिनीचा एक तुकडा असाच चालतो.

आता तीन गोष्टी करून पाहा.

१) फुगा दाबून सोडण्यापूर्वी मागचे छिद्र बोटाने बंद करा. फुगा चपटाच राहतो आणि पुढच्या दाबाला काहीच बाहेर पडत नाही. पंपाला भरायलाही वेळ आणि वाट लागते, हे मुलांच्या लक्षात येईल.

२) एका मुलाला त्याच्या मनाच्या लयीने एक मिनिट फुगा दाबू द्या. दुसऱ्याने किती वेळा बुडबुडे आले ते मोजावे. ही वाहिनीची स्वतःची लय झाली.

३) आता तिसऱ्या मुलाने मधूनमधून ‘जलद’ किंवा ‘सावकाश’ असे सांगावे. पुन्हा मोजा. तिसरा मुलगा म्हणजे चेतातंतू. तो फुगा दाबत नाही, पण मिनिटाचा आकडा त्याच्या शब्दाने बदलतो. तो गप्प बसला तरी काम थांबत नाही, हेही विद्यार्थ्यांना दाखवून द्यावे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न देता येतील. उपाशी कुत्र्यात असेल्लीला वाहिन्या का दिसल्या नाहीत? त्या तेथे नव्हत्या की दिसत नव्हत्या? हे ठरवण्यासाठी कोणता प्रयोग करावा लागेल? आतड्याकडे येणारे सर्व बाहेरचे चेतातंतू कापले, तर स्निग्ध पदार्थांचे शोषण पूर्ण थांबेल का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. मात्र त्याची कारणे विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्यावीत.

आकृतीत एक भर

पुढच्या वेळी फळ्यावर रसांकुर काढाल तेव्हा पयस्विनीच्या शेजारी दोन उभ्या स्नायुपेशी काढा आणि खालच्या थरातून त्यांच्यापर्यंत येणारी एक हिरवी रेघ ओढा. रेघेपाशी लिहा, ‘आंत्रीय चेतासंस्था.’ जास्त तपशिलाची गरज नाही. एवढ्याने आतडे म्हणजे टीपकागद ही कल्पना दूर होईल आणि ‘तेल पुढे कोण ढकलते?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे उत्तर आकृतीतच सापडेल. असेल्लीने चेतातंतू आणि दुधाळ वाहिन्या वेगळ्या ओळखल्या, हे त्याचे मोठे काम. त्या वेगळ्या असूनही मिळून काम करतात, हे दाखवणे आता आपल्या फळ्यावर शक्य आहे.